नवरा म्हणजे मॅनेजिंग कमिटी नव्हे

पत्र

नमस्कार. मी नेरूळला राहते. वय ३६, ऐरोलीला आयटीत नोकरी. आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जाते, दोन दिवस घरून काम करते. नवरा फोर्टला बँकेत आहे. घरात आमची नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाईंच्या गुडघ्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय, पण त्यांचं त्या सगळं करतात.

मला लहानपणापासून कुत्र्याची हौस. माहेरी कळव्याला चाळीत दहा बाय बाराची खोली, तिथे आम्हालाच जागा पुरायची नाही. आता टू बीएचके आहे, लेकही मागे लागलीय. तिला बीगलच हवाय. पनवेलजवळ एका ब्रीडरकडे पिल्लं झाल्याचं कळलं, म्हणून ऑफिसमधल्या मैत्रिणीबरोबर नुसतं बघायला गेले. एक पिल्लू माझ्या मांडीवरच झोपी गेलं. दहा हजार रुपये टोकन देऊन आले. पस्तीस दिवसांचं झालं की घेऊन जा, असं ब्रीडर म्हणाला.

नवऱ्याला कुत्रा नको आहे. का, विचारलं तर ‘आपण दिवसभर घरात नसतो, कोण बघणार त्याच्याकडे’ एवढंच म्हणतो. फार ताणलं की ‘घाण होते’ म्हणून विषय संपवतो. तसा स्वभावाने चांगला आहे. सकाळी तोच लवकर उठतो. दूध आणणं, लेकीचा डबा, तिला स्कूलबसपर्यंत सोडणं, सगळं करून मग लोकल पकडतो. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘तुमचं तुम्ही बघा.’ सोसायटीचा प्रश्न नाही, सगळे नियम वाचून ठेवलेत, कुणी अडवू शकत नाही. वर्षातून दोनदा कुडाळला गावी जातो, तेव्हा बोर्डिंगमध्ये ठेवता येईल.

पुढच्या महिन्यात नवरा आठवडाभर बंगळुरूला जाणार आहे. मैत्रिणी म्हणतात तेव्हाच आण, परत आल्यावर पिल्लू बघून विरघळेल, सगळ्यांचेच नवरे विरघळतात. माझं मन होत नाही, आणि पिल्लूही सोडवत नाही. लेकीला तर मी जवळजवळ ‘हो’ म्हणून बसलेय. काय करू?

– पिल्लूवेडी, नेरूळ

उत्तर

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. नवरा बंगळुरूला असताना पिल्लू आणू नका. आणि पस्तीस दिवसांचं पिल्लू तर कुणीच, कधीच आणू नये. कुत्रा पाळूच नका असं मात्र मी म्हणत नाही. तुमचं पत्र वाचून उलट वाटलं की या घरात कुत्रा सुखात राहू शकेल. फक्त तो टोकनच्या तारखेवर येता कामा नये.

सोसायटीबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. महापालिकेचा परवाना काढायचा, रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र जपून ठेवायचं, झालं. सेक्रेटरीशी दोन हात करायची तुमची तयारी पक्की आहे. गडबड एवढीच की तीच तयारी घेऊन तुम्ही घरातही वावरताय. नवरा म्हणजे मॅनेजिंग कमिटी नव्हे. त्याच्या हरकतीपुढे परिपत्रक धरता येत नाही, आणि तो बाहेरगावी असताना सभा घेऊन विषय मंजूर करता येत नाही. तसा केलात तर पिल्लासोबत ‘मला विचारलं होतंस का?’ हे वाक्यही घरात राहायला येईल, आणि त्याचं आयुष्य कुत्र्यापेक्षा मोठं असतं.

आता त्याचं म्हणणं पुन्हा एकदा वाचा. ‘आपण दिवसभर घरात नसतो, कोण बघणार त्याच्याकडे.’ तुम्ही पुढे ‘एवढंच म्हणतो’ असं लिहिलंय, म्हणजे तुम्हाला ती सबब वाटली. मला नाही वाटली. तुमच्या अख्ख्या पत्रात पिल्लाचा दिवस कसा जाईल याचा विचार एकाच माणसाने केलाय, आणि तोच नेमका ‘नको’ म्हणतोय. तुम्हाला मांडीवर झोपलेलं पिल्लू दिसतंय. त्याला मंगळवारी दुपारी अडीच वाजता बाल्कनीच्या दाराशी रडणारं पिल्लू दिसतंय. दोन्ही पिल्लं खरीच आहेत.

दुसरी गोष्ट. ‘सकाळी तोच लवकर उठतो’ हे तुम्ही त्याच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून लिहिलंत. त्याच्या जागी उभं राहून वाचलंत तर तो हिशेब आहे. घरात पहिली जाग कुणाला येते? मग पिल्लाची पहाटेची शू कोण पुसणार? स्कूलबसच्या आधी खाली कोण नेणार? त्याने हे गणित मनात बरेचदा सोडवलं असावं, आणि दर वेळी उत्तरात स्वतःचंच नाव आलं असावं. ‘घाण होते’ म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा ‘घाण मला काढावी लागेल’ असं म्हणायचं असतं. तसं स्पष्ट बोललं तर कामचुकार दिसू, म्हणून तो फरशीच्या नावावर खपवतोय.

पिल्लाचा दिवस कसा असतो ते सांगते, कारण रील्समध्ये तो तीस सेकंदांचा असतो. दोन महिन्यांचं पिल्लू शू धरून ठेवू शकतं ते ढोबळमानाने तीन तास. वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवायचा, तितके तास, असा पाळणाऱ्यांचा ठोकताळा आहे. तेही झोपेत. जागं असलं की झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच. खाणं दिवसातून तीन-चार वेळा. रात्रीही एकदोनदा उठावं लागतं. ‘मग खाली नेऊ’ म्हणाल, तर पहिले दोनेक महिने तेही जमत नाही. पार्व्हो, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांवरच्या लसींचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे, असं करत पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत ते चालतं. मधे रेबीजची लस, साधारण तीन महिन्यांनंतर. तोवर भटकी कुत्री जिथे फिरतात तिथे त्याला जमिनीवर सोडायचं नाही, आणि नेरूळमध्ये भटकी कुत्री नाहीत असा कोपरा मला तरी माहीत नाही. पार्व्होचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकतात, आणि तो झालेली लहान पिल्लं बघता बघता हातची जातात. म्हणजे हे दोन महिने सगळा कार्यक्रम घरात, वर्तमानपत्रावर किंवा पॅडवर. हेच पावसाळ्यात आलं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. नवी मुंबईत जुलैमध्ये धुतलेले पायमोजे तीन दिवस वाळत नाहीत. फरशी सतत ओलसर, वास जात नाही. तेव्हा घाण होते हे त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. ती सहा-आठ महिन्यांत आवरते हेही खरं, पण ते महिने कुणाचे जाणार हा प्रश्न उरतोच.

याच्यावर तुमचं उत्तर असेल, ‘सासूबाई असतात की घरी.’ पत्रात तुम्ही हे लिहिलेलं नाही. पण आठवड्यातले तीन दिवस घरात त्या एकट्याच असणार, तेव्हा दुसरं कोण?

मला पत्र वाचताना सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटली. ‘तुमचं तुम्ही बघा’ याला होकार समजणारी सून अजून मला भेटायची आहे. कुत्र्याचं पिल्लू चालत नाही, ते पायात घुटमळतं. साडीचा काठ, गाऊनचं टोक, चपलेचा पट्टा, सगळं त्याला ओढायचं असतं. सुईसारखे दुधाचे दात पडून पक्के दात यायला साधारण सहा महिन्यांचं व्हावं लागतं, तोवर जे दिसेल ते चावून बघायचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई, ओली फरशी आणि पायात पिल्लू, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. त्या ‘त्यांचं सगळं करतात’ ते जपून, भिंतीचा आधार घेत करत असणार.

शिवाय स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात असणार, आणि आपल्या घरांत पुढ्यात येऊन बसलेल्या जिवाला काहीतरी दिल्याशिवाय कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. कांदा, लसूण कुत्र्याला बाधतात, मग तो आमटीतला का असेना. द्राक्षं, मनुका, बेदाणे तर थेट मूत्रपिंडावर जातात. सत्यनारायणाच्या शिऱ्यातला बेदाणा आपल्या दृष्टीने प्रसाद, त्याच्या दृष्टीने विष. चॉकलेटचंही तेच. हे सगळं सासूबाईंना शिकवायचं, म्हणजे त्यांनी ती जबाबदारी आधी स्वीकारलेली हवी.

मला एक शंका येते. अंदाजच आहे, चुकीचा असू शकतो. तुमच्या नवऱ्याचा ‘नको’ निम्मा आईसाठी असेल. ‘आईवर पडेल’ असं तो तोंडाने म्हणणार नाही, कारण त्या वाक्यातून पुढे ‘तुझी आई, माझी आई’ सुरू होतं हे लग्न झालेल्या कुठल्याही पुरुषाला कळतं. म्हणून तो मोघम बोलतो. सासूबाईही मोघम बोलतात. आणि त्या मोघमपणाच्या मोकळ्या जागेत तुम्ही टोकन देऊन आलात.

आता ‘विरघळेल’विषयी. हो, विरघळतात काहीजण. ‘आमच्या बाबांना कुत्रा नको होता’ म्हणत बाबांच्या पोटावर झोपलेल्या कुत्र्याचे व्हिडिओ मीही पाहते, आवडीने पाहते. पण ते ज्यांचं जमलं त्यांनी टाकलेले असतात. ज्यांच्या घरात चार महिने धुसफूस होऊन कुत्रा गावच्या वाडीवर, ओळखीच्या फार्महाउसवर किंवा सरळ हायवेच्या कडेला पोचला, ते व्हिडिओ काढत नाहीत. (जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तरी गळ्यात पट्ट्याचा वळ असलेले लॅब्राडॉर आणि हस्की रस्त्यावर सापडतातच.) आणि समजा विरघळला. तरी काय होईल? तो पिल्लावर माया करेल, पहाटे उठेल, सगळं निमूटपणे करेल, आणि तुमच्यावरचा राग कुठेतरी दुसरीकडेच निघेल. पिल्लू आवडणं आणि फसवलं गेल्याचा राग येणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात. तुमचं मन होत नाही असं तुम्हीच लिहिलंय. मैत्रिणींपेक्षा त्या मनाचं ऐका. मैत्रिणी फरशी पुसायला येणार नाहीत.

त्या ब्रीडरबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथे प्रश्न नवऱ्याचा उरतच नाही. कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केलेत. त्यांप्रमाणे आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. पस्तीस दिवस म्हणजे पाच आठवडे. हे वय पिल्लाने आईजवळ, भावंडांशी मारामाऱ्या करत काढायचं असतं. जोरात चावलं की दुसरा ओरडतो, खेळ थांबतो, आई दटावते. किती जोरात चावायचं नाही हे ते तिथे शिकतं. लवकर उचललेली पिल्लं पुढे जास्त चावरी, जास्त घाबरट निघण्याचा धोका असतो. ब्रीडरला घाई असते कारण महिन्याभरानंतर पिल्लं सपाटून खाऊ लागतात, लसींचा खर्च सुरू होतो, आणि जितकं लहान तितकं ते मांडीवर छान झोपतं. पिल्लाची आई तुम्हाला दाखवली होती का? ती कशा अवस्थेत होती? पत्रात तिचा उल्लेखच नाही, म्हणून विचारते.

बीगल मुळात झुंडीने सशाच्या मागावर धावायला आणि धावताना गळा काढून मालकाला आपण कुठे आहोत ते कळवायला तयार केलेलं कुत्रं. नाक जमिनीला लागलं की कान बंद. दिसायला खेळण्यासारखं, स्वभावाने गोड, पण एकटेपणा त्याला सोसत नाही आणि ते सोसत नसल्याचं तो अख्ख्या विंगला ऐकवतो. दिवसाचे आठ-नऊ तास माणसं बाहेर असणाऱ्या फ्लॅटसाठी मी बीगल सुचवणार नाही. लेकीला बीगलच हवा आहे कारण तिने बीगलच पाहिलाय.

आणि लेकीवरून आठवलं. बीगल साधारण बारा ते पंधरा वर्षं जगतो. आज ती नऊची आहे. कुत्रा म्हातारा होईल, त्याला दिसेनासं होईल, मांडीला आधार देऊन उठवावं लागेल, तेव्हा ती बावीस-तेवीसची असेल आणि बहुतेक पुण्याला किंवा परदेशात असेल. तेव्हा घरात कोण असेल? तुम्ही आणि ‘नको’ म्हणणारा तो. म्हणून हा कुत्रा लेकीचा नाही, तुमच्या दोघांचाच आहे, आणि लेकीचा हट्ट हे कारण म्हणून पुढे करणं सोडून द्या. तुम्हाला कुत्रा हवा आहे. स्वतःच्या नावावर मागा. कळव्याच्या चाळीतल्या मुलीची ती हौस आहे, आणि ती काही कमी मोठी गोष्ट नाही. मला वाटतं नवऱ्याने ती तुमच्या तोंडून नीट ऐकलेलीच नसावी. त्याने ऐकलंय ते ‘पोरगी मागे लागलीय’.

तेव्हा पहिलं काम म्हणजे बोलणं. लोकलच्या गर्दीतून आलेला असताना नाही, जेवणाच्या ताटावर लेकीसमोर तर नाहीच. रविवारी संध्याकाळी दोघंच पाम बीच रोडच्या बाजूला चालायला जा. चालताना माणसं बरी बोलतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. विचारा, ‘तुला कुत्र्याचं नेमकं काय नको आहे?’ आणि मग गप्प बसा. हे अवघड आहे, कारण त्याच्या प्रत्येक मुद्द्यावर तुमच्याकडे उत्तर तयार असणार. त्या दिवशी एकही उत्तर देऊ नका. त्याला भीती वाटत असेल, वास सहन होत नसेल, शिंका येत असतील, खर्चाची काळजी असेल, आईची असेल, किंवा आयुष्यात आता आणखी एका जिवाची जबाबदारीच नको झाली असेल. यातल्या काहींवर उपाय असतो, काहींवर नसतो. भीतीवर असतो, हळूहळू. कामाच्या वाटणीवर तर नक्कीच असतो. शेवटच्यावर नाही, आणि तो शेवटचा मुद्दा निघाला तर त्याला स्वार्थी म्हणू नका. सकाळी पाचला उठून घर चालवणाऱ्या माणसाला ‘पुरे’ म्हणायचा हक्क आहे.

पण टोकनची गोष्ट त्याला त्याच दिवशी सांगा. ती लपवून बाकीचं बोलणं म्हणजे नाटक होईल.

त्याच्याही वाट्याचं थोडं सांगते, हे पत्र त्याला वाचायला दिलंत तर त्याने वाचावं म्हणून. ‘घाण होते’ म्हणून विषय संपवणं हेही बरोबर नाही. बायकोची तीस वर्षांची हौस दोन शब्दांत मिटवता येत नाही. ‘नको’ म्हणायचा अधिकार आहे, पण कारण सांगायची जबाबदारी त्याच्यासोबत येते. आणि आईचं नाव घ्यायचं असेल तर घ्या. बायकोला इतकी पण दूधखुळी समजू नका.

बोलणं ‘बघू’वर येऊन थांबलं, आणि आपल्याकडे ते बहुधा तिथेच थांबतं, तर एक करून बघा. कुत्रा न आणता कुत्रा पाळा. महिनाभर रोज सकाळी पावणेसहाला तुम्ही उठायचं, अर्धा तास खाली चालून यायचं. रात्री दहाला पुन्हा. पाऊस असला तरी, डोकं दुखत असलं तरी, आदल्या रात्री ऑफिसचं सॉफ्टवेअर रिलीज असलं तरी. ऑफिसच्या दिवशी दुपारी बारा आणि तीन वाजता घरी कोण असतं याची नोंद ठेवा. कुणाला दाखवायला नाही, नवऱ्याला तर मुळीच ऐकवू नका. त्याला दिसेलच. आठव्या दिवशी तुम्हीच अलार्म बंद करून झोपलात तर तेही एक उत्तर आहे, आणि ते दहा हजारांत स्वस्त पडलं म्हणायचं.

गावी जायचा प्रश्न तुम्ही ‘बोर्डिंग’ या एका शब्दात उडवलाय. गणपतीत आणि मे महिन्यात सगळ्यांनाच गावी जायचं असतं, त्यामुळे बरी बोर्डिंग आधीच भरलेली असतात, आणि लसीकरण पूर्ण नसलेलं पिल्लू चांगली बोर्डिंगवाली माणसं ठेवून घेतच नाहीत. सोबत न्यायचं तर रेल्वेत कुत्रा फक्त एसी फर्स्ट किंवा फर्स्ट क्लासमध्ये चालतो, तेही अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तर. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत एकटा. गणपतीत कुडाळचं साधं वेटिंग तिकीट काढताना काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

नवऱ्याचा होकार आला, अर्धा का होईना, तर माझी शिफारस पिल्लाची नाहीच. दीड-दोन वर्षांचं, नसबंदी झालेलं, लसी पूर्ण असलेलं देशी कुत्रं दत्तक घ्या. आपल्या हवेत देशी कुत्री सहज राहतात, लवकर शिकतात. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो. शांत आहे की धसमुसळं, म्हाताऱ्या माणसाच्या पायात येतं की बाजूला होतं, एकटं राहतं की रडतं, हे सांभाळणारी माणसं सांगू शकतात. ठाणे, नवी मुंबईत तात्पुरता सांभाळ करणारे प्राणिप्रेमी पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे पिल्लं चटकन जातात, मोठी कुत्री पडून राहतात. असं एखादं आठ-दहा दिवस सांभाळायला आणता येतं. मात्र आणण्याआधी नवऱ्याला आणि सासूबाईंना स्पष्ट सांगा की ते परत जाणार आहे, आणि ठरल्या दिवशी खरंच परत पाठवा. ‘आता आलंच आहे तर राहू दे’ ही बंगळुरूवालीच युक्ती आहे, फक्त गोडीत केलेली. परत पाठवल्यावर घरात आठवडाभर काय बोलणं होतं ते ऐका. त्यानंतर नवरा काही बोलला तर ते त्याचं स्वतःचं असेल.

अर्धा होकार म्हणजे, ‘आण, पण मी काही करणार नाही.’ हा मला चालतो. पुष्कळ बायकांना तो अपमान वाटतो, मला प्रामाणिकपणा वाटतो. मग त्याच्या वाट्याला शून्य काम, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि पाळा. तुम्ही आजारी असाल त्या दिवशी कोण, तुमचं ऑफिस आहे त्या दिवशी दुपारी पैसे देऊन कोण येणार, डॉक्टरचा खर्च कुणाच्या खात्यातून, हेही त्याच कागदावर. सासूबाईंचं नाव त्या कागदावर येणार असेल तर त्यांनी स्वतः सांगून. त्या म्हणाल्या, ‘मी दुपारी भाकरी-दूध घालीन, पण शी-शू काढणार नाही,’ तर त्यांच्या नावापुढे तेवढंच. (आणि दूध सगळ्याच कुत्र्यांना पचत नाही, पण ती चर्चा नंतर.)

आणि ठाम ‘नाही’ आलं तर? तर नाही. इथे बहुमत चालत नाही. तुम्ही, लेक आणि उद्या सासूबाईही एका बाजूला झाल्या तरी तो एकटा पुरेसा आहे, कारण ते त्याचंही घर आहे. वाईट वाटेल. वाटू द्या, त्याला सांगा की वाटतंय. दर भांडणात कुत्र्याचा मुद्दा काढू नका, पण दोन-तीन वर्षांनी, लेक मोठी झाल्यावर, कामाची वाटणी बदलल्यावर पुन्हा विचारायला काही हरकत नाही. मधल्या काळात रविवारी लेकीला घेऊन एखाद्या प्राण्यांच्या आसऱ्यात मदतीला जा. तिथे पिंजरे धुवावे लागतात, गोचीड काढावे लागतात, आणि बीगल सोडून जगात किती प्रकारची कुत्री असतात हे तिला कळेल. विंगमधल्या ज्या आजोबांना त्यांचा लॅब्राडॉर झेपेनासा झालाय त्याला संध्याकाळी फिरवून आणा. असे आजोबा प्रत्येक सोसायटीत असतात.

टोकनचं काय करायचं? ब्रीडरला उद्याच फोन करून सांगा की घरचं ठरलेलं नाही, पिल्लू दुसऱ्याला दाखवा. पैसे मागा. बहुधा परत देणार नाही. सोडून द्या. ‘दहा हजार फुकट जातील’ म्हणून बारा वर्षांचा जीव घरी आणणं हा व्यवहार तुमच्या बँकवाल्या नवऱ्यालाही पटायचा नाही.

लेकीला मात्र आज रात्रीच सांगा, आणि ‘बाबा नको म्हणतात’ असं अजिबात सांगू नका. सांगा की आईने घाई केली, घरात अजून ठरलेलं नाही, आणि ठरवताना आजीलाही विचारायचं आहे. ती रडेल. कदाचित फुगून बसेल, डबा न खाता परत आणेल. बाबांवर चिडून बसण्यापेक्षा ते बरं.